काकींचा धपाटा आणि नवा रेडिओ

आमच्या व्हॅनमधले किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. पदूकाका सणासुदीला गाडी झाडायला काढतात तेव्हा सीटखालून शैलाताईच्या हेअरपिना, माझं पेन, गायकवाडच्या डब्याचं झाकण, देशपांड्यांची आवळा सुपारी असं सगळं निघतं ना, तसंच. रोज सकाळी सानपाडा ते जासई, संध्याकाळी जासई ते सानपाडा. पाच माणसं एका डब्यात कोंबली की काहीतरी सांडणारच! आता तुम्ही विषय काढलाच आहे तर रेडिओचं सांगते. पण मध्ये बोलायचं नाही. मला मध्ये बोललेलं चालत नाही, आमच्या घरी विचारा.

आधी माणसं सांगते. आम्ही चौघं जासईच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला. मी डॉक्युमेंटेशनला. देशपांडे अकाउंट्सला, रिटायरमेंट जवळ आलीय, आणि जगातली कुठलीही वस्तू कशी चालते ते त्यांना पाठ असतं. शैलाताई इम्पोर्टला, राहायला सीवूड्सला. भाव करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही.

आणि गायकवाड. साताऱ्याकडचा, यार्डाच्या गेटवर असतो. त्याचं काम म्हणजे कंटेनरचं दार बंद झालं की कडीला नंबरवालं सील लावायचं. एकदा सील लागलं की विषय संपला. ते कापायचं तर माल तपासणारा सर्व्हेयर समोर पाहिजे, साक्षीदार पाहिजे, नंबर जुळला पाहिजे. इतकी वर्षं हेच केल्यामुळे कुठलीही वस्तू बंद झालेली दिसली की गायकवाडचे हात शिवशिवतात. एकदा त्याने बोलता बोलता शैलाताईच्या डब्याच्या पिशवीला सील लावलं. ती बिचारी जेवायच्या सुट्टीत सगळ्या डिपार्टमेंटला कात्री मागत फिरली!

व्हॅन पदूकाकांची. काका मूळचे जासईचेच. गाडी आता इतकी म्हातारी झालीय की सरकतं दार आतून उघडायचं तर बाहेरून कुणीतरी लागतं. मुलगा सारखा म्हणतो, "बाबा, आता घरी बसा." काका म्हणतात, "घरी बसून काय करू? भिंती बगू?" सकाळी चावी फिरवली आणि इंजिन लागलं की काकांचा चेहरा बघण्यासारखा असतो. रोज लागतं, तरी रोज तेवढाच आनंद!

*

शनिवारी आम्हाला हाफ डे. त्या दिवशी काकी पण आमच्याबरोबर येतात, सीवूड्सपर्यंत. त्यांच्या मुलीला बाळ झालंय, मुलगी. काकी आल्या की पुढची सीट त्यांची. देशपांडे न सांगता मागे जातात.

तर एका शनिवारी गव्हाण फाट्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. भर दुपार. काकी नातीला बघायला निघालेल्या, चांगली साडी, मांडीवर तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा. सगळे उतरलो. गायकवाड आणि मी धक्का मारतोय, शैलाताई पर्स सांभाळून धक्का मारतेय, आणि देशपांडे बाजूने चालत सांगतायत, "एकदम नाही, लयीत! लयीत मारा!"

गाडी हलेना. शेवटी काकींनी डबा सीटवर ठेवला, पदर खोचला आणि मागे येऊन असा काही रेटा दिला की गाडी धाडकन सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांना एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की ते निघूनच गेले!

खरंच. लांब त्या कंटेनरच्या रांगेपर्यंत पोहोचल्यावर त्यांना आठवलं की गाडीत फक्त डबा आहे.

ते रिव्हर्समध्ये परत आले. काकी शांतपणे चालत आल्या, बसल्या, डबा मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "ऐका. ह्या गाडीचा आता एक जरी काय बिगडला ना, स्क्रू जरी ढिला झाला ना, दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात. माजा शब्द हाय."

आता तुम्हाला वाटेल, बायका बोलतातच असं. पण काकींचा शब्द म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. "पुन्हा पत्ते दिसले तर जालीन" असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या. काकांचा कॅट त्याच आठवड्यात चुलीत गेला. बदामच्या राजासकट!

सोमवारी सकाळी काका मला हळूच म्हणाले, "मॅडम, गाडी गेली तर मी उठून जाऊ कुठं?" मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, "काही होत नाही काका, आम्ही आहोत ना." म्हणजे काय आहोत, ते मलाही माहीत नव्हतं.

*

आता रेडिओ. तो गाडीच्याच वयाचा. दोन बाजूंना दोन गोल बटणं, मधे कॅसेटचं तोंड. त्या तोंडात काका पार्किंगच्या पावत्या ठेवायचे. एकच स्टेशन लागायचं आणि तेही सरळ लागायचं नाही. डॅशबोर्डवर धपाटा घालावा लागायचा.

गंमत अशी, की धपाटा कुणाचा ते रेडिओला कळायचं. काकांनी मारला की नुसती खरखर. गायकवाडने मारला की वायपर चालू. काकींनी मात्र शनिवारी बसल्या बसल्या एकच द्यायचा, जसा पोराच्या पाठीत देतात तसा, की गाणं लख्ख सुरू! सीवूड्स येईपर्यंत बंद व्हायची टाप नव्हती त्याची.

देशपांड्यांना हे सहन व्हायचं नाही. "यात चमत्कार काही नाही. लूज कॉन्टॅक्ट आहे. अँगल महत्त्वाचा." एका शनिवारी ते मागच्या सीटवरून वाकले, डोळा बारीक करून अँगल घेतला आणि मारला. समोरचा कप्पा उघडून काकींच्या मांडीवर पडला. त्यातून टायरचा पाना, दोन बल्ब आणि अर्धा पुडा बिस्किटं!

काकींनी सगळं उचलून परत आत ठेवलं. म्हणाल्या, "भावजी, तुमचा हिशोब चांगला हाय. हात नाय."

पण मला आठवतं, पुढच्या शनिवारी काकींच्या धपाट्यानेही रेडिओ लागला नाही. दुसरा दिला. मग आणखी एक. तेव्हा कुठे घोगरा आवाज आला, तोही आजारी माणसासारखा. काकी थोडा वेळ रेडिओकडे बघत बसल्या, मग काकांकडे. काकांनी नजर रस्त्यावर रोखलेली, जशी काही पुढे गाय बसलीय.

सीवूड्स आलं तरी काकी उतरल्या नाहीत. "सानपाड्याला थोडा काम हाय," एवढंच म्हणाल्या. आम्ही कुणी काय काम ते विचारलं नाही. काकींना कुणी विचारत नाही.

*

सोमवारी सकाळी उलव्याच्या पुढे रेडिओतून एक बारीक आवाज आला, मग जळका वास आला, मग काहीच आलं नाही. काकांनी गाडी बाजूला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले.

"मेला," ते म्हणाले.

"काका, रेडिओच आहे ओ," शैलाताई म्हणाली.

"ती बोलली ना, स्क्रू जरी. रेडिओ स्क्रूपेक्षा मोठा हाय."

शैलाताईने बोटांवर दिवस मोजले. शनिवारपर्यंतचा वेळ होता. शनिवारी काकी बसणार, धपाटा देणार आणि रेडिओ गप्प राहणार. रविवारी भंगारवाला.

आणि खरं सांगू का, रेडिओ गेल्यावर आम्हाला कळलं की इतकी वर्षं आमची मैत्री त्याच्यामुळे टिकली होती! मंगळवारी गाडीत शांतता झाली म्हणून देशपांड्यांनी मोबाईलवरून बातम्या वाचायला घेतल्या. प्रत्येक बातमीनंतर स्वतःचं मत. बेलापूरपर्यंत दोन बातम्या झाल्या! बुधवारी शैलाताईने तिच्या सासूचं सुरू केलं, ते यार्डाच्या गेटवरही संपेना. गायकवाड म्हणाला, मी गातो. तो गायला. बुधवारी संध्याकाळी आमचं एकमताने ठरलं: नवा रेडिओ. उद्याच. आणि काकींना कळता कामा नये.

*

सानपाड्याला बंटी नावाच्या पोराचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. जुन्या गाड्यांचं काही असलं की सगळे त्याच्याकडेच जातात. गुरुवारी संध्याकाळी आमची वरात तिथे. काका गाडीतच बसून राहिले, दवाखान्याबाहेर नातेवाईक बसतात तसे.

देशपांड्यांनी अट सांगितली. "साधा रेडिओ पाहिजे. स्क्रीन नको, नाचणारे दिवे नकोत. जुन्यासारखा दिसला पाहिजे. कुणाच्या लक्षात येता कामा नये."

बंटीने बाहेर गाडीकडे पाहिलं. "वो जासईवाली व्हॅन ना?"

"तुला काय माहीत?"

"रोज तो जाती है इधर से," तो म्हणाला आणि शोधाशोध न करता काउंटरखालून एक डबा काढला. आत साधा काळा रेडिओ, बटणाला हिरवा दिवा, सोबत एवढासा रिमोट.

शैलाताईला शेजारच्या कपाटातला लाल दिव्याचा आवडला. तिला लाल सगळंच आवडतं. बंटी म्हणाला, "ताई, हाच घ्या." ती म्हणाली, लालच. तो म्हणाला, "नाय ताई, लाल नाय देणार." असा दुकानदार तुम्ही बघितलाय का कधी? वस्तू समोर आहे, गिऱ्हाईक समोर आहे, आणि हा देत नाही!

मग भाव. शैलाताईने पदर सारखा केला, घसा साफ केला आणि नेहमीप्रमाणे निम्म्याहून खाली सांगितलं. बंटी म्हणाला, "ठीक आहे."

शैलाताईचा चेहरा असा पडला! "ठीक आहे काय? इतक्या लवकर?" वर त्याने दोन स्पीकर फुकट दिले. ती घरी जाईपर्यंत हळहळत होती, "अजून कमी सांगायला हवं होतं गं. मी कमी पडले."

एवढ्यावर थांबलं नाही. बंटी म्हणायला लागला, "गाडी आत घ्या, फिटिंग करून देतो." देशपांडे म्हणाले, आमचं आम्ही करू. बंटी म्हणाला, "अरे साहेब, फिटिंग तो मेरे को ही करना है!" देशपांड्यांनी मला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "बघितलंत? इथे लुटतात. म्हणून स्पीकर फुकट."

निघताना मी बंटीला बजावलं, "हे बघ, काकांच्या घरून कुणी आलं, विचारलं, तर आम्ही इथे आलोच नव्हतो. कळलं?"

बंटी "हो मॅडम" म्हणाला आणि पाणी प्यायला दुकानाच्या आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

*

शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत यार्डाच्या पार्किंगमध्ये ऑपरेशन सुरू झालं. देशपांडे सर्जन. मोबाईलवर व्हिडिओ लावलेला, चष्मा कपाळावर. मी टॉर्च धरून. शैलाताई पंख्यासारखी फाइल हलवतेय. काका चार पावलं लांब उभे, पाठ करून.

"पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. लहान मूल करेल," देशपांडे म्हणाले आणि चुकून हॉर्न वाजवला. तो थांबेना! गेटवरचा सिक्युरिटीवाला पळत आला. बॅटरीची वायर काढल्यावर थांबला. हॉर्न म्हणतेय मी, सिक्युरिटीवाला तर पुढे पूर्णवेळ तिथेच उभा राहून सल्ले देत होता.

जुना रेडिओ निघाला. त्याच्या मागून काकींची एक बांगडी निघाली, ती काकांनी न वळताच हात मागे करून घेतली आणि खिशात टाकली. नवा रेडिओ आत ठेवला तर तो आत पडला. म्हणजे अख्खा आत! जुन्याची खाच मोठी, हा बारका. सगळ्या बाजूंनी फट.

तेव्हा गायकवाड पुढे आला. "व्हा बाजूला. ही माल भरायची गोष्ट हाय." त्याने कंटेनरमध्ये माल हलू नये म्हणून लावतात तसल्या लाकडाच्या पाचरी कापून आणल्या, चारी बाजूंनी ठोकल्या, वरून पट्टी आवळली. मी म्हटलं, "गायकवाड, जासईहून सानपाड्याला जायचंय." तो म्हणाला, "मॅडम, बोटीनं परदेशात जरी गेला ना, तरी हा रेडिओ हलायचा न्हाय."

देशपांड्यांनी बॅटरीची वायर परत जोडली आणि चावी फिरवली. हिरवा दिवा लागला. आणि गाणं! काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांत त्या गाडीत पहिल्यांदा शब्द कळले गाण्याचे. काका पाठ करूनच उभे होते. वळले तेव्हा डोळे पुसत होते. "वाजला," एवढंच म्हणाले. शैलाताईने त्यांना पाणी दिलं. मलाही प्यावंसं वाटलं.

आम्ही असे सगळे आनंदात असताना आवाज आला. टक्!

बघतो तर पॅनेलचा एक स्क्रू हरवला होता, त्या भोकातून गायकवाडने सील ओवून बंद केलं होतं. चांगलं पिवळंधमक प्लॅस्टिकचं, नंबरसकट. सॅम्पल म्हणून आलेली सीलं त्याच्या खिशात असतात.

"गायकवाड!"

तो स्वतःच दचकला. "सवयीनं झालं वो. पॅनेल बंद झालं, हात गेला."

"मग काप ना!"

"आन सर्व्हेयर?"

हसू नका. पुढचं ऐका. देशपांडे म्हणाले, "आधी नंबर लिहून घ्या." शैलाताई म्हणाली, "साक्षीदार म्हणून मी नाही राहणार हं." आणि मी, डॉक्युमेंटेशनवाली, मी म्हटलं, "कापलं तर कारण काय दाखवायचं?" आम्ही चार शहाणी माणसं एका व्हॅनच्या रेडिओभोवती उभी, हातात कात्री, आणि सील कापायची एकाची छाती होईना!

सुट्टी संपल्याची बेल झाली. काकांनी खांद्यावरचा नॅपकिन काढून सीलवर लटकवला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दिसत नाय."

*

संध्याकाळी घरी येताना कळलं की काम अजून संपलेलं नाही. उजवीकडे वळायला काकांनी इंडिकेटर दिला, तर रेडिओपण इंडिकेटरबरोबर टिकटिकायला लागला. बातम्या चालू होत्या. मंत्री म्हणाले... टिक... या वर्षी... टिक... नाही... टिक. इंडिकेटर बंद केला की मंत्री सलग बोलायचे.

"अर्थिंग," देशपांडे म्हणाले. "किरकोळ आहे. उजवा इंडिकेटर देऊ नका."

"मग उद्या सीवूड्सला वलू कसा?"

"हात दाखवा. पूर्वी सगळे हातच दाखवायचे."

काकांनी मान हलवली. उद्याचं सगळं ठरलं. काका चावी फिरवतील, रेडिओ गप्प राहील. काकी धपाटा देतील. त्याच क्षणाला मागच्या सीटवरून देशपांडे रिमोट दाबतील. गाणं सुरू. काकी खूश, गाडी शाबूत. तालीम पण केली. शैलाताई काकी झाली होती.

*

शनिवार. काकी आल्या, बसल्या. आम्ही चौघं मागे असे बसलो होतो की जणू बोर्डाच्या परीक्षेला बसलोय. एरवी आम्ही एकमेकांवर खेकसतो, त्या दिवशी गायकवाड शैलाताईला म्हणाला, "आपण नीट बसलात का?" काकींनी मागे वळून एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

यार्डाचं गेट गेलं. काकींनी हात उचलला.

इथे देशपांड्यांचा घात झाला. इतका वेळ अंगठा बटणावर ठेवून बसलेले, काकींचा हात वर गेलेला बघून त्यांनी दाबलंच! काकींचा हात हवेत, आणि गाणं सुरू. तेही खणखणीत, शब्दासकट.

काकींनी हाताकडे पाहिलं. "अगो बाय," त्या म्हणाल्या. आणि उचललेला हात वाया कशाला घालवायचा म्हणून धपाटा दिलाच.

देशपांड्यांना वाटलं हीच ती खूण. त्यांनी पुन्हा दाबलं. रेडिओ बंद!

काकींनी परत मारला. चालू. परत मारला. बंद. आता देशपांड्यांना थांबता येईना आणि काकी काही थांबेनात. शैलाताईने माझ्या दंडाला नखं रुतवली होती. शेवटी गाणं चालू असताना काकींनी हात खाली घेतला.

"आज लय ऐकतोय," त्या म्हणाल्या.

पामबीचवर काकांनी वळायच्या आधी खिडकीतून उजवा हात बाहेर काढला.

"हात का बाहेर काढलाव?"

"खांदा आखडलाय."

"आनि इंडिकेटर?"

"तो... त्यालापन जरा आराम."

ऊन होतं. काकींनी तोंड पुसायला समोर लटकवलेला नॅपकिन ओढला.

आणि ते सील समोर आलं. पिवळंधमक. गाडीच्या हेलकाव्याबरोबर हलतंय.

काकींनी ते दोन बोटांत धरलं, नंबर वाचला. मग विचारलं, "हा कंटेनर कदी झाला?"

काकांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. गाणंही बंद झालं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी मागे हात करून मला थांबवलं.

"अगो, रेडिओ मेला सोमवारी," ते म्हणाले. "मी तुला सांगितला नाय. ह्या लोकांनी माज्यासाठी केला, ह्यांचा काय दोष नाय. तू बोललेलीस, एक जरी बिगडला तर गाडी देऊन टाकायची. तुजा शब्द हाय." त्यांनी चावी काढली आणि काकींच्या हातात ठेवली. "बोलव भंगारवाल्याला."

गायकवाड खिडकीबाहेर बघायला लागला. शैलाताई रडायलाच लागली. मी तिला माझा रुमाल दिला आणि लगेच परत मागितला.

काकींनी चावी मुठीत धरली आणि मागे वळल्या. "गायकवाड, कात्री हाय?"

"हाय काकी. पन सर्व्हेयर..."

"मी हाय ना."

त्याने कात्री दिली. काकींनी सील कापलं. कट्! आम्ही चौघंही एकदम दचकलो. त्यांनी वाकून पाचरी बघितल्या, पट्टी बघितली, बोटाने रेडिओ हलवून पाहिला. तो हलला नाही. मग चावी लावून अर्धी फिरवली. दिवा लागला.

"हिरवाच दिला ना? बरा झाला. मी त्या बंटीला दोनदा सांगितला, लाल नको, यांच्या डोल्यांना तरास होतो." त्यांनी कापलेलं सील कप्प्यात टाकलं. "आनि फिटिंग त्यालाच करायला सांगितलेली. भावजी, तो रिमोट द्या इकडं."

देशपांड्यांनी दिला.

काकींनी तो कमरेला खोचला आणि काकांना म्हणाल्या, "पहिली बंटीकडं घ्या गाडी, इंडिकेटर नीट करू. मग नातीकडं." आणि मागे न बघताच, "गायकवाड, त्याचा झाला की दुसरा सील लाव. नंबर माज्याकडं दे."